पाडव्याआधीची बस

त्यांचा चेहरा मला बघायचा होता, म्हणून देनपसारच्या त्या हॉटेलात मी दुपारी बारापासून खांबाआडची खुर्ची अडवून बसले होते. समोर रिसेप्शनचं टेबल, त्याच्या डाव्या हाताला काचेचा दरवाजा. दिगंबर फणसळकर त्या दरवाजातून आत येणार, टेबलावर कोपर टेकून 'उद्या पहाटे साडेचारला नाश्ता बांधून द्या, पाचला आमची बस आहे' असं सांगणार, आणि टेबलामागची मुलगी हात जोडून त्यांना सांगणार की उद्या बस नाही. टॅक्सी नाही, बोट नाही, विमान नाही. हॉटेलच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचीसुद्धा परवानगी नाही. दोन महिने मी हा प्रसंग मनातल्या मनात इतक्या वेळा घडवून पाहिला होता, की त्या मुलीचे शब्दसुद्धा मला पाठ झाले होते.

सव्वा वाजता बस आली. माणसं उतरायला लागली तशी मी सवयीने मोजायला लागले. एकोणीस प्रवासी, बहुतेक साठीच्या पुढचे, गळ्यात एकसारखी ओळखपत्रं. विसावे फणसळकर. सात वर्षांत पोट सुटलं होतं आणि केस नव्याने काळे झाले होते.

ते आत आले, पासपोर्टचा गठ्ठा टेबलावर टाकला आणि मागे वळून एका बाईंना म्हणाले, "मंदाताई, तुम्ही मुख्याध्यापिका होतात ना? मग सगळ्यांचे फॉर्म भरून घ्या. मी जरा सानूरला जाऊन येतो. पुढच्या सीझनच्या खोल्यांचं बोलायचंय."

"आणि आमचं जेवण?"

"येईल की जेवण. तुम्ही निवांत बसा. आज आराम."

बाहेर ओजेकवाला उभाच होता. देनपसारात टॅक्सीपेक्षा हे बरं पडतं. भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसायचं आणि गर्दीतून वाट काढत निघायचं. फणसळकरांनी हेल्मेट चढवलं, मागे बसले आणि गेले. जो चेहरा बघायला मी सव्वा तास बसून होते, तो हेल्मेटच्या आत निघून गेला. मला इतका संताप आला की हातातला पाण्याचा ग्लास मी टेबलावर आदळला.

या माणसाचं आणि माझं वैर काय, ते आधी सांगते.

पुण्यात त्यांचं 'फणसळकर सहल केंद्र' होतं आणि मी त्यांची टूर लीडर होते. जावा-बालीची सहल मीच बसवली. कुठल्या स्टेशनावर उतरायचं, कुठली बोट घ्यायची, विमानतळावर कुठल्या टॅक्सीवाल्याशी बोलायचं, बेमोत म्हणजे इथल्या वडापमध्ये आपली वयस्कर माणसं का बसवू नयेत, हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी आमचा गट बालीहून जावाला परत चालला होता. बालीच्या पश्चिम टोकाला गिलिमानुक म्हणून बंदर आहे. तिथे बस बोटीत चढते, तासाभरात पलीकडे उतरते, आणि पलीकडून आम्हाला सुराबायाची आगगाडी पकडायची होती. बस बोटीच्या तोंडाशी उभी असताना मी डोकी मोजली. एक कमी होतं. वामनराव सबनीस, वय चौऱ्याहत्तर, बंदरावरच्या संडासाकडे गेले होते.

"साहेब, सबनीसकाका यायचेत," मी म्हणाले.

"गाडी चुकेल. बस चढव."

"पाचच मिनिटं थांबू. मी आणते त्यांना."

"शरयू, बोटी दर वीस मिनिटांना आहेत. पुढच्या बोटीनं येतील. तू चढ."

मी खाली उतरायला निघाले तर त्यांनी माझा दंड धरला आणि ड्रायव्हरला हात केला. बस चढली.

सबनीस पुढच्या बोटीनं आले नाहीत. बस दिसेना म्हणून ते बंदराबाहेर पडले आणि भर उन्हात रस्त्यानं चालत सुटले. संध्याकाळी कुणाला तरी शेताच्या कडेला सापडले. तिसऱ्या दिवशी गेले. बंदराच्या अधिकाऱ्यांनी कागद मागितला तेव्हा फणसळकर मला म्हणाले, "लिहून दे, मोजले तेव्हा सगळे होते. मागाहून ते कुणाला न सांगता उतरले. सुटसुटीत होईल. तुझ्या-माझ्यातच राहील." मी अठ्ठावीस वर्षांची होते. मी लिहिलं, खाली सही केली.

पुण्याला परतल्यावर आठच दिवसांनी वर्तमानपत्रात त्यांचा खुलासा आला. टूर लीडर शरयू तेंडोलकर यांनी प्रवासी न मोजताच मोजल्याचं लिहून दिलं, संस्थेने त्यांना कामावरून दूर केलं आहे. सगळं खापर माझ्या डोक्यावर, आणि पुरावा माझीच सही.

मला नोकरी कुणी देईना, त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते बाबांचं. माझे बाबा वेंगुर्ला आगारात एकतीस वर्षं कंडक्टर होते. घंटी मारण्याआधी ते दारातून अर्धं अंग बाहेर काढून मागे बघायचे, कुणी धावत येतंय का. एकदा एका म्हातारीची कोंबडी सुटली म्हणून त्यांनी गाडी सात मिनिटं थांबवली होती, त्यावरून मेमोसुद्धा खाल्ला होता. त्या माणसाने ते वर्तमानपत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माणूस रवलो मागे, आणि तू गाडी हलयलंस?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण सही कुणाची, एवढंच विचारलं. त्यानंतर माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. वाचनालयात कुणी विचारलं तर 'ती आता त्या लायनीत नाय' एवढंच सांगायचे. मी त्या लायनीतच होते. देनपसारच्या एका बसवाल्या बाईंनी, इबू केतुत यांनी, माझं काम पाहिलेलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. इथे मी 'बू सारी', म्हणजे सारीबाई, झाले. शरयू म्हणणं इथल्या जिभेला जमत नाही.

सात वर्षं मी फणसळकरांवर डूख धरून होते. रोज आठवण काढत होते असं नाही, पण दात घासताना, बसची वाट बघताना, एकटी जेवताना मध्येच ते वर यायचं आणि घास तोंडात फिरायचा.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी त्यांचा मेल आला होता. बू सारी म्हणजे कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. वीस माणसांचा गट, जावातून बस आणि बोटीनं शुक्रवारी देनपसारला येणार, शनिवारी पहाटे पाचला त्याच वाटेने परत, रात्री सुराबायाहून विमान. तारखा बघितल्या आणि मी खुर्चीतच सरळ झाले. तो शनिवार न्येपीचा होता.

न्येपी म्हणजे इथलं नवं वर्ष. त्यांचाही शकच, आपल्यासारखा. आपण गुढी उभारतो, गोडधोड करतो. इथे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पहाटे सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत सगळं बेट गप्प बसतं. चूल नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही. विमानतळ बंद, बंदरं बंद, रस्त्यावर कुत्रं फिरेल पण माणूस नाही. माझ्या वहीत मी पहिल्याच वर्षी लिहिलं होतं, 'न्येपी म्हणजे आपला पाडवा. आदल्या दिवशी बेटाबाहेर पडावं.' त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले होते. पुढे कळलं की तसं दर वर्षी होत नाही, कधी एक दिवस मागेपुढे होतं, कधी चक्क महिन्याचा फरक पडतो. पण तोवर वही फणसळकरांच्या कपाटात गेली होती. त्यांनी ती स्वतःच्या नावाने छापून प्रवाशांना वाटलीसुद्धा. आता या सहलीच्या वर्षी आपला पाडवा होता रविवारी. फणसळकरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, माझं वाक्य पाहिलं, आणि अगदी हुशारीने एक दिवस आधी निघायचं ठरवलं.

एका ओळीचं काम होतं. साहेब, न्येपी शनिवारी आहे, शुक्रवारीच निघा. मी ती ओळ लिहिली नाही. मी लिहिलं, ठरल्याप्रमाणे व्यवस्था होईल. इबू केतुतनी विचारलं, "त्यांना न्येपीचं सांगितलंस ना?" मी म्हणाले, सांगितलं. हॉटेलात शनिवारच्या खोल्या मात्र मी गुपचूप धरून ठेवल्या होत्या. प्रवाशांना रस्त्यावर आणायचं नव्हतं. त्यांचं विमान चुकावं, फणसळकरांनी त्यांच्यासमोर हात टेकावेत, आणि पुण्याला जाऊन त्यांनीच साहेबांच्या नावाने शंख करावा, एवढंच माझं म्हणणं होतं. प्रवाशांना काय, एक दिवस जास्त राहतील. असं मी स्वतःला सांगत होते.

इकडे मंदाताई फॉर्म भरत होत्या. भरता भरता त्यांनीच त्या मुलीला विचारलं की उद्याचा नाश्ता बांधून मिळेल का. मुलीने हात जोडले आणि मला पाठ असलेले शब्द बोलली. मंदाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचे जमा झाले, एकच गलका उडाला. मंदाताईंनी फणसळकरांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग त्या येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, कारण ती एकच रिकामी होती, आणि कुणाकडेही न बघता मराठीत बोलायला लागल्या.

"सोमवारी सिझेरियन आहे लेकीचं. जुळी आहेत. जावई बोटीवर, सासू नाही. मी येतच नव्हते हो, तीच म्हणाली, आई जाऊन ये, नंतर तुला कुठे जमणार. रविवारी सकाळी घरी असेन असं सांगून आलेय मी तिला."

मी त्या बाईकडे बघितलं. माझ्या दोन महिन्यांच्या बेतात ही बाई कुठेच नव्हती.

"ताई," मी म्हणाले, "तुम्ही रविवारी घरी पोचाल."

त्या दचकल्या. "तुम्ही मराठी?"

"वेंगुर्ल्याची. तुमची बस माझ्याच ऑफिसची आहे. सामान वर नेऊ नका. आत्ता निघायचं."

पुढचा अर्धा तास मी जे काम केलं, ते मला झोपेतही येतं. ड्रायव्हर गेदे बाहेरच होता. त्याचं गाव पश्चिमेला, नेगाराजवळ, म्हणजे गिलिमानुकच्याच वाटेवर. न्येपीआधी घरी पोचायला मिळतंय म्हटल्यावर तो उलट खूशच झाला. बंदर त्या दिवशी रात्री दहाला बंद होणार होतं. बसने बंदरापर्यंत जायचं, माणसांनी पायी बोटीत चढायचं, पलीकडे जावाच्या किनाऱ्यावर दुसरी बस. ती मी फोनवर ठरवली. उद्याच्या विमानाला वेळच वेळ होता. अडचण एकच होती. न्येपीच्या आदल्या संध्याकाळी इथे राक्षसांचे प्रचंड पुतळे खांद्यावर घेऊन मिरवणुका निघतात, आणि दुपारपासूनच चौक बंद व्हायला लागतात.

"किती वेळ आहे?" मी गेदेला विचारलं.

त्याने रस्त्याकडे बघितलं. "बू, तीनला निघालो तरी पोचू. तीननंतर काही सांगता येत नाही."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. माणसं बसमध्ये चढली. मी दारात उभी राहून मोजली. एकोणीस.

"साहेब राहिले," मागून आवाज आला. दिघे म्हणून वीज मंडळातले निवृत्त गृहस्थ होते, सडसडीत, कपाळावर आठ्या. "त्यांना कोण सांगणार?"

त्याच वेळी मंदाताईंचा फोन वाजला. बस आत्ताच निघतेय, असं सांगून त्यांनी पलीकडचं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "साहेबच आहेत. म्हणतात सानूरहून निघालोय, अर्ध्या तासात पोचतो, थांबा."

अर्धा तास म्हणजे दोन चाळीस. गेदेने तीनपर्यंतचं सांगितलं होतं. थांबता येत होतं. हे मी त्या वेळी नीट हिशेब करून समजून घेतलं होतं, घाईगर्दीत काही सुटलं असं मी आजही म्हणणार नाही.

"ताई, त्यांना सांगा, रस्ते बंद होतायत. पुढच्या चौकात गाठा."

गेदेने विचारलं, "बू, आणखी कोणी यायचंय?"

"नाही," मी म्हणाले. "सगळे आले."

बस निघाली. मी ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसले आणि मला इतकं हलकं वाटलं, की मी चक्क गुणगुणायला लागले. पहिल्या चौकात मिरवणुकीची तयारी चालू होती, पोरंटोरं तोंडाला रंग फासून उभी होती. दुसऱ्या चौकातून गेदेने बस गल्लीत घातली. मागून कुणी तरी म्हणालं, "साहेब कुठे गाठणार मग?" मी वळून म्हणाले, "पुढच्या बोटीनं येतील. बोटी दर वीस मिनिटांना असतात."

अडीचला मंदाताईंचा फोन पुन्हा वाजला. या वेळी मीच हात पुढे केला आणि त्यांनी तो मला दिला. बसच्या पुढच्या बाजूला माईक असतो, प्रेक्षणीय स्थळं सांगायचा. मी फोनचा आवाज वाढवला आणि तो माईकसमोर धरला.

"मंदाताई, अहो कुठे आहात? मी हॉटेलच्या मागच्या चौकात अडकलोय. ओजेकवाला म्हणतो, बस थांबली तर दहा मिनिटांत गाठून देतो. थांबवा बस."

"नमस्कार साहेब," मी म्हणाले. "शरयू तेंडोलकर बोलतेय."

फोनमधून हॉर्न ऐकू येत होते.

"शरयू? तू तिथे काय करतेयस?"

"बस चालवतेय. म्हणजे बसवाल्यांचं काम बघते मी. तुमच्या मेलना उत्तरं मीच देत होते."

त्यांना सगळं कळायला फार वेळ लागला नाही. माणूस बुद्धीने कमी नव्हताच. "तुला माहीत होतं," ते म्हणाले. "उद्याचं तुला माहीत होतं."

"तुम्हालाही माहीत असतं, वही स्वतः लिहिली असतीत तर. साहेब, एक विचारते. गिलिमानुकला सबनीस मागे राहिले तेव्हा बस कुणी हलवली?"

"आत्ता हे काय काढलंस? बस थांबव आधी."

"सांगा. मग बघू."

"हे बघ, आपण भेटून बोलू. मी तुला परत घेतो कामावर, पाहिजे तर..."

"बस कुणी हलवली?"

मागे ओजेकवाला काही तरी ओरडला. फणसळकरांचा आवाज खाली आला. "मी हलवली. झालं?"

"मी मोजलं होतं की नाही?"

"मोजलं होतंस."

"आणि मी काय सांगितलं?"

"एक कमी आहे म्हणालीस. उतरत होतीस, मी धरलं तुला. आणि तो कागद मीच लिहायला लावला. बस्स? मला घाम फुटलाय शरयू, मी सदुसष्ट वर्षांचा आहे. आता तरी थांबव."

"साहेब, एकोणीस जणांनी ऐकलं," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

मंदाताई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. मला वाटलं होतं कुणी तरी 'नालायक माणूस' वगैरे म्हणेल, मला बरं वाटेल असं काही. दिघे तेवढे उठून पुढे आले आणि बसचा दांडा धरून उभे राहिले.

"बाई, त्यांनी केलं ते वाईटच केलं. पण त्यांनी कबूल केलंय. आता दहा मिनिटं थांबवा गाडी."

"रस्ता बंद होतोय, काका."

"होतोय का खरंच?"

रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे भातशेती, एक बाई डोक्यावर फळांची रास घेऊन देवळाकडे चालली होती. दिघ्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ते जागेवर जाऊन बसले. बंदर येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मंदाताईंशिवाय दुसरं कुणीही बोललं नाही. मंदाताई फक्त पोचायला किती वेळ लागेल ते विचारत होत्या.

साडेसहाला गिलिमानुक आलं. बोटीच्या फळीवर उभं राहून मी एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजलं. एकोणीस. मंदाताईंनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यात पाणी आणलं. दिघे जाताना म्हणाले, "मी पुण्यात सांगेन सगळं. सगळं म्हणजे सगळंच." मग बोट सुटली. मी गेदेबरोबर त्याच्या घरी गेले, कारण आता मलाही देनपसारला परतता येणार नव्हतं.

न्येपीचा दिवस मी गेदेच्या ओसरीवर बसून काढला. फोन त्याच्या आईने आदल्या दिवशीच सगळ्यांचे गोळा करून कपाटात ठेवले होते. कुणी बोलत नव्हतं. या दिवशी माणसाने आपल्या मनात बघायचं असतं म्हणे. मी बघितलं. मला खंत दिसली नाही. फणसळकर हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत शिळा पाव खात बसले असतील, फाटकावरचा राखणदार त्यांना बाहेर डोकावू देत नसेल, हे आठवून मला दिवसभर गार वाटत होतं. एकच तळमळ होती. हे मला एका माणसाला सांगायचं होतं, आणि त्या माणसापर्यंत आवाज पोचवायला आणखी एक रात्र जायची होती.

रविवारी सकाळी फोन हातात आला. मंदाताईंचा निरोप होता, विमानात बसतोय. मी इथले दहा वाजेपर्यंत थांबले, म्हणजे वेंगुर्ल्याला साडेसात होतील. बाबा गुढी उभारत असणार.

"बाबा, मी बोलतंय."

"गो बाय, पाडव्याचो नमस्कार. खंय आसस?"

मी सांगायला सुरुवात केली. फणसळकर आले, त्यांची तारीख चुकली, बंदर बंद व्हायच्या आत मी माणसं बाहेर काढली. बसमध्ये माईकवर सगळ्यांसमोर त्यांनी काय कबूल केलं, ते शब्दन् शब्द सांगितलं. मी मोजलं होतं. मी उतरत होते. त्यांनी धरलं. कागद त्यांनी लिहायला लावला.

"बाबा?"

"आसंय." ते म्हणाले. "म्हणजे तू सोडूक नाय होतंस."

"नाय, बाबा."

"माजा चुकला गो. सात वर्सां माजा चुकला." नाक शिंकरल्याचा आवाज आला. आईने काही विचारलं, ते तिला म्हणाले, थांब जरा. मग पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांच्या आवाजात हसू होतं, मी कॉलेजात पहिली आले तेव्हा होतं तसं. "आणि तेका पण हाडलंस मां वांगडा? तेणां इतक्या केल्यान, तरी तू तेका मागे सोडूचंस नाय. माका म्हायती आसा."

फणसळकरांना बरोबर आणलंस का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. ते मलाच माझ्याबद्दल सांगत होते.

गेदेची आई अंगणात चूल पेटवत होती, चोवीस तासांनंतरची पहिली. मी तिच्याकडे बघत म्हणाले, "होय, बाबा. हाडलंय."

दिघ्यांनी शब्द पाळला. पुण्यात सगळं सांगितलं; फणसळकरांचं आणि माझंही. वर्षाभरात फणसळकरांनी सहल केंद्र जावयाच्या हवाली केलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. दिघ्यांची गोष्ट वेंगुर्ल्यापर्यंत काही पोचली नाही.

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. मी डिसेंबरात घरी गेले की ते मला मुद्दाम वाचनालयात घेऊन जायचे. म्हातारे जमायचे, चहा यायचा, आणि बाबा खुर्ची पुढे ओढून सुरू करायचे. हिच्यावर खापर कसं फोडलं, सात वर्षं ही कशी गप्प राहिली. आणि मग शेवट.

"तरी हिणां तेका मागे नाय सोडल्यान," ते सांगायचे. "बस थांबयल्यान आणि हाताक धरून तेका बोटीत बसयल्यान. कंडक्टराचा चेडू आसा ता."

म्हातारे माझ्याकडे बघून माना डोलवायचे. मी खाली बघून कपांत चहा ओतत राहायचे. त्या चार वर्षांत मी त्यांना एकदाही अडवलं नाही.